चौकटीखालचं बोटभर

पापाच्या तिकटीजवळ माझं दुकान, सहा बाय दहा.
देव, दिवंगत, डिग्र्या, सगळ्यांना मीच कोपरे देतो.

बाईंनी चित्र चादरीत गुंडाळून आणलं.
"नव्या फ्लॅटच्या भिंतीला दोन बोटं जास्त होतंय,
कापून बसवा. तसंही धुरकटच आहे.
सासऱ्यांना कुणीतरी उधारीपोटी दिलेलं."

खाली सही: ई. तिबिले.
रंकाळा. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ,
आणि म्हशी असाव्यात,
किंवा म्हशींच्या जागी पडलेलं ऊन.
जवळून बघावं तर नुसते फटकारे,
ब्रश पुसायलाच कापड घेतल्यासारखे.

चहा सांगायला रस्ता ओलांडला, वळून पाहिलं
आणि दुकानात पाणी हललं.
खरंच. मधे रिक्षा आली, गेली,
तरी हलतच होतं.

परत आलो, नाक लावून शोधलं.
काळा कुठंच नाही.
म्हशी जांभळ्या, एकीच्या पाठीवर शेवाळी रेघ.
गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन वाढलेला असणार गडी,
म्हैस काळी असते हे त्याला कुणी शिकवायचं?
पण सव्वासहाला ती काळी नसते,
एवढंच त्यानं लिहून ठेवलेलं.
आभाळात एक चिलट चिकटलंय. त्याच सकाळचं.

खिळे गंजलेले. पकडीनं उपसले,
जुनी चौकट सुटली
आणि हात थांबला.

खाचेखाली दडलेली कड, चारी बाजूंनी बोटभर,
गुलाबी.
लाल पेरू कापल्यावर आत निघतो ना, तशी.

म्हणजे सगळं पाणी असं होतं!
स्वस्तातली ट्यूब घेतली असणार,
आणि खिडकीतलं ऊन रोज येऊन
चाळीस वर्षं त्याचं ऊन चाटत बसलं.
मागं राहिली ती राख
आपण सकाळ म्हणून टांगली.

बाईंची दोन बोटं म्हणजे
डावीकडचं एक, उजवीकडचं एक.
पट्टी धरली. पातं धरलं.
ठेवलं.

सागवानाची बारीक काठी घेतली, खाच पाडलीच नाही,
चित्र कडेसकट उघडं बसवलं.
माप बरोबर आलं.

"ही कड अशी का? डाग आहे का?"
"मूळचा रंग आहे, ताई.
भिंतीवर ऊन येतं का हो तुमच्या?"
"भरपूर! म्हणून तर फ्लॅट घेतला."

मी काही बोललो नाही बराच वेळ.
मग म्हटलं, पडदा लावा.
त्या हसल्या. पन्नास रुपये कमी देऊन गेल्या.

झाकून ठेवलं असतं तर उरलं असतं.
कुणाला दिसलं असतं पण?

तिबिले कोण, कुठला, मला माहीत नाही.
हल्ली दुकान उघडायच्या आधी
वाट वाकडी करून रंकाळ्यावर जातो.
बऱ्याचदा नुसतंच उजाडतं.

परवा दिसला पेरू.
मोजून दोन मिनिटं.
शेजारी एकजण म्हैस धूत होता,
त्याला म्हटलं, बघ की.
तो म्हणाला, काय?