छाट

आई रात्री पानं भिजवते,
सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कापते.
साच्याबाहेरचं चुलीत.
सहावीत असताना विचारलं होतं मी,
साचा कुणी ठरवला?
म्हणाली, कारखान्याने. दोरा दे.

विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत
रविवारी भिवंडीहून चौघे आले.
बेचाळीस अंश. माझ्या गालांवर
शेजारच्या भाग्यलक्ष्मीची पावडर,
तिचे ओघळ मानेपर्यंत.
"जरा चालून दाखव, बाळ."
चार पावलांची खोली. चालले,
भिंत आली, वळले.
"उंची?"
पाच-एक.
"रंग... उन्हामुळे असेल?"
हो हो, उन्हामुळे, वडील म्हणाले.
मी जन्मले तेव्हा भर श्रावण होता
आणि मी अशीच होते.

"कविता करते," वडील पुढे म्हणाले,
जसं "शिवण येतं" म्हणावं.
"लग्नानंतर सुटेल," पाहुणे हसले.

मग त्यांच्यातल्या काकूंनी माझा हात
उलटा केला, सुलटा केला,
नखांतला तंबाखू पाहिला.
मला एकदम चेकर आठवला:
विडी उचलतो, दोन बोटांत दाबतो,
मूठभर बाजूला सारतो, छाट.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
ती पुढे विकली जाते,
आई सांगते, त्याच दुकानात, त्याच भावात.
हात सोडताना दिसलं,
काकूंच्या अंगठीखालीसुद्धा
तसाच पिवळा डाग. जुना, मुरलेला.
त्यांनी पदर ओढून घेतला त्यावर.
मी काही बोलले नाही.

बुधवारी फोन आला. मुलगी चांगली आहे, पण.
पणच्या पुढे काही नव्हतं.
वडील बराच वेळ फोन कानाला लावून उभे.

रात्री विड्यांच्या कार्डामागे
इथपर्यंत लिहिलं.
आईला मराठी वाचता येत नाही,
वाचून दाखवलं, अडलं तिथे तेलुगूत सांगितलं.
पंचवीसचा कट्टा बांधत ऐकत होती.
पावडरीच्या ओळीला हसली.
म्हणाली, यात माझंही घाल.
मला बघायला आलेल्या म्हातारीने
तोंड उघडायला लावून दात मोजले होते.
तुझे वडील बाजूला बसून
पोहे खात होते.

किती होते दात?

तिने नवा कट्टा घेतला.
लिही, सगळे.
आणि दोरा दे.