कथलाची राख

चारशे पन्नास अंश, असं मीटर म्हणतं.
मीटरवरचा माझा विश्वास सोमवारीच उडाला.
पंचवटीतल्या कॉलेजच्या तळमजल्यावर
हॉटप्लेटवर चार काचा मांडून
मी स्टॅनिक क्लोराइडचं पाणी फवारते.
धूर ओढायचा पंखा, दगू भोर म्हणतो तसं,
"नुसता आवाजाला आहे."
घसा आंबट होतो. काचा दुधाळ निघतात,
पिठूळ. बोट फिरवलं की बोटाला लागतात.

एकेचाळीस काचा. पाठीवर मार्करने नंबर.
चार सुयांच्या प्रोबखाली एकीतूनही वीज जात नाही.
गायधनी सर चष्मा पुसतात. "कर, कर. होईल."
फेलोशिप मार्चला संपते.

तांबट आळीतून गाडी घातली ती गर्दी चुकवायला.
नियामतभाई भात्यापाशी, पातेलं निखाऱ्यावर उलटंपालटं,
नवसागराची चिमूट,
आणि तो पांढरा धूर,
माझ्याच घशातला!
मी गाडी स्टँडला लावली.

कथलाची कांडी टेकवली, कापसाच्या बोळ्याने एक फेर,
तांबं आतून उजळलं.
मग पातेलं पुन्हा निखाऱ्यावर, आणि हात मांडीवर.
"थांबलात का?"
"गार पडलं ना ते. कथील लागलं की भांडं गार पडतं.
त्याला दम खाऊ द्यायचा.
घाई केली तर चिकटतं, बसत नाही."

चिकटतं, बसत नाही.

कांडीच्या टोकावरची मळकट पांढरी साय
त्यांनी चिमट्याने झटकली. "राख. कथील जळलं की ही होते.
उमर गेली हिला हाकलण्यात."
मी ती उचलून बिलाच्या कागदात बांधली.
तीन वर्षं मी हिलाच बोलावतेय, चाचा,
फक्त इतकी पातळ
की तिच्याआडून कांद्याचे भाव वाचता यावेत.

रात्री: पाच सेकंद फवारा. अर्धा मिनिट काही नाही.
पाच सेकंद. काही नाही.
त्या काही-नाहीत बसून दगूच्या डब्यातली
मिरचीची भाकरी खाल्ली. बाहेर पारा सातवर,
द्राक्षवाले शेकोट्या पेटवून जागे असतील.
बेचाळिसावी काच चिमट्याने तिरकी धरली:
जांभळी. आणखी तिरकी: हिरवट.
सरळ धरली तर साधी काच.

पुण्याहून क्ष-किरणांचा आलेख आला.
सव्वीस पूर्णांक सहापाशी ताठ शिखर,
पुढे दोन ठेंगणी, जिथे असायला हवीत तिथेच.
उजेड ब्याऐंशी टक्के पलीकडे जाऊ देते.
सुयांखाली आकडा हलला.
सरांनी चष्मा पुसायचा राहून गेला.

शनिवारी काच रुमालात गुंडाळून आळीत नेली.
"काय दिसायला पाहिजे हिच्यात?"
"काही नाही. तेच तर."
नियामतभाईंनी नखाने खरवडली, फडक्याने घासली,
आभाळाकडे तिरकी धरली, एक डोळा मिटून.
"बसलीय," म्हणाले.
आणि काच परत देता देता,
"टिकणार किती? माझी तीन महिने जाते.
तारेच्या घासणीनं घासली तर दोन."

मी वही उघडली. जाडी होती, रोध होता,
पारदर्शकता दोन दशांशांपर्यंत.
एक रकाना आखायचाच राहिला होता.
त्यांच्याकडेच पेन मागितलं;
कानावरची पेन्सिल मिळाली.