बोक्याचे कागद

दापोलीच्या गुरांच्या डॉक्टरनं विचारलं, जात?
झुलेखाबी म्हणाली, हर्णैची.
जन्मतारीख?
नारळी पुनवेला डोळे उघडले नव्हते अजून.
रंग सुकटीचा, पोटाकडे फिका.

मानेत तांदळाएवढी चिप गेली,
बोका एकदाच ओरडला.
मस्कतला लेकीकडे दोन महिने सुट्टी,
त्यासाठी ह्या सुया, हे शिक्के,
आणि भाडं तिच्या तिकिटाहून जास्त.

पिंजरा आठवडाभर पडवीत उघडा,
सवय व्हावी म्हणून.
बोका पाय ठेवत नाही.
रात्री बोटी लागल्या की बंदरावर जातो,
पहाटे मिशांना खवले घेऊन परततो.

काल तिनंच आत हात घातला, कोपरापर्यंत.
मग, कुणी बघत नाहीसं पाहून, डोकं.
आतून समुद्र ऐकू येतो का,
एवढंच बघायचं होतं.