रकाना सातवा

घणसोली, सेक्टर पाच.
लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी डावानं उचललं:
एका डावात नऊ अळ्या.
गेल्या श्रावणात तीन होत्या.

धानीबाईचं बोट टोचलं.
काचपट्टीवर थेंब पसरवत विचारलं,
महिनाभरात गावी जाऊन आलात का?
"कुठलं गाव, सायब? सहा वर्सं
हितंच घमेली वाहतेय.
रेशनवाला तरी म्हनतो, तुमी भायेरच्या."

रात्री भिंगाखाली
जांभळ्या अंगठ्या. दोन, मग तिसरी.
सातव्या रकान्यात लिहिलं: स्थानिक.
पेन थोडं तिथंच थांबलं.
तक्त्यावरची रेघ एका ठिपक्यानं वर.

सकाळी चौदा दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या,
पत्ता विचारला.
तापातच हसली:
"बी विंग, चौथा मजला.
खिडक्या बसंस्तोवर."