जाड तार

मे महिना. आजची एकशे बारावी तक्रार, मानेवाड्याहून.
"तीन तास झाले मॅडम, घरात सव्वा महिन्याचं बाळ आहे."
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मी म्हणते,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
बाळाचं मला काहीच वाटलं नाही.
हे डबा उघडल्यावर लक्षात आलं
आणि डबा तसाच बंद केला.

खुर्च्या सहा. बसतो आम्ही तिघी.
उरलेल्या तीन फोनांच्या घंटा
घरी आल्यावरही कानात.
पिंपळशेंडे साहेब तसे भले,
वाढदिवसाला केक आणतात.
मागच्या महिन्यात भिंतीवर पोस्टर लावलं: हसत राहा.
त्याच्या खालीच कूलर,
त्यात पाणी कुणी भरायचं
ते अजून ठरायचंय.

परवा मृण्मय म्हणाला, आई, भूक लागली.
माझ्या तोंडून निघालं,
आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.
तो हसला. मीही.
मग नळ सोडून न्हाणीत बसून राहिले
बादली वाहून जाईपर्यंत.

रात्रपाळीला उईके भाऊ आले,
डोक्याला दुपट्टा, खिशात उन्हाचा कांदा.
टेबलावर ठेवला एक काळा पडलेला फ्यूज,
चिनीमातीचा, आत काडीएवढी जाड तार.
"रोज रोज उडे म्हणून कोणी तरी हे टाकली.
मंग फ्यूज नाही उडला.
डीपीच जळली."
फ्यूजच कमजोर असेल, मी म्हटलं.
"नाही ना बाप्पा! थो कमजोरच ठेवतेत.
वितळाचं, हेच त काम हाय थ्याचं.
लोड झाला म्हून सांगते थो.
सांगू नाही देलं, त..."
त्यांनी हात झटकले. रजिस्टरवर काजळी पडली.

मी ती पुसली नाही.
मार्चमध्ये कंबर धरली, गोळी घेऊन बसले.
भावाच्या लग्नाहून हळद न उतरता परत.
"जमेल ना, डोंगरे मॅडम?"
"जमेल."
केवढी जाड तार, हा शब्द.

सकाळी अर्ज लिहिला.
कारणाच्या रकान्यात नेहमी लिहिते: घरगुती अडचण.
घरी काही अडचण नव्हती.
लिहिलं: सहा खुर्च्या, तीन माणसं. मी वितळले आहे.
साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून तिसऱ्यांदा.
"चार दिवस घ्या तुम्ही.
खुर्च्यांचं वर कळवतो."
कळवलंत की, मी म्हटलं,
मला तक्रार क्रमांक द्या.

बाहेर साडेसातलाच ऊन पायऱ्यांवर चढलेलं.
कोपऱ्यावर पोह्यांची गाडी,
पोऱ्यानं प्लेट पुढे धरली:
"तर्री कमी का जास्त, ताई?"
मागे चार जण उभे.
थांब, म्हटलं,
विचार करून सांगते.