इतवारीत, सातव्या महिन्यात

खापेकरांच्या दुकानात पंखा गरम हवाच वाटत होता
आणि होमेश्वर एकेक खुळखुळा उचलून
गळ्याखालच्या हाडाला लावून बघत होता.
डोळे मिटून.

"कानाशी धरा ना भाऊ, हाडाले काऊन लावता?"
मी सांगितलं, ह्यांना ऐकू येत नाही.
मग खापेकर मोठ्यानं बोलू लागले.
सगळेच बोलतात.

निळा प्लास्टिकचा नापास.
बोटांनी मला म्हणाला, आत नुसती घाई आहे.
बटण दाबलं की गाणं म्हणणारा
त्याने दोन्ही हातांत धरला, वाट पाहिली,
बंद पडलेल्या घड्याळासारखा परत ठेवला.
गाणं चालूच होतं.

माळ्यावर मागच्या तान्ह्या पोळ्याचे उरलेले बैल,
एकाच्या चाकाचा खिळा वर आलेला.
"घेऊन ठेवा, पोळ्याले महाग होतात मग."
मी हिशेब केला: पोळ्याला ते दीड महिन्याचं असेल,
मान धरणार नाही, बैल काय धरेल.
तरी होमेश्वरने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला
आणि खिळा अंगठ्याने दाबून पाहिला.
खिळा काही ऐकेना.

दवाखान्यातल्या मेश्राम सिस्टरांनी
अंगठा-तर्जनीचा गोल करून दाखवला होता:
ह्यातून आरपार जाईल ते बाळाच्या हाताशी नको.
तेव्हापासून मी घर त्या गोलातून बघते.
बटणं, फुटाणे, घड्याळाचे सेल, माझी जोडवी.
केवढ्याशा वस्तूंवर चाललं होतं आमचं.

सासूबाई म्हणतात, आधी काही आणू नये.
कारण सांगत नाहीत.
दिवाणाच्या पेटीत गोधड्यांखाली
एक पिवळं टोपडं आहे, घडी न मोडलेलं,
होमेश्वरच्याही आधीचं.
म्हणून आम्ही बाजारात जातो ते मिरच्या आणायला.
आणतोही. अर्धा किलो, भिवापुरी.
तीन आठवड्यांत दीड किलो झाल्या,
आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही
एवढं तिखट खाणार कोण.

प्रेसमधून तो वाया गेलेले ताव आणतो,
काळे गोल, काळ्या फुल्या, जाड पट्टे.
नवं बाळ म्हणे वीत-दीड वीतच बघतं,
आणि आधी काळं-पांढरं.
पलंगाशेजारी भिंतीला त्याने ते चिकटवले,
आईला खुणेने सांगितलं, पोपडे झाकायला.
त्यांनी एक वाकडा होता तो सरळ केला.

ते ऐकेल का, असं समोर कुणी विचारत नाही.
पाठीमागे विचारतात, हळू,
जणू मलाही ऐकू येत नाही.

शेवटी खापेकरांनी खालच्या खणातून
एक लाकडी काढला, बिनरंगाचा.
आत काय आहे, त्यांनाही ठाऊक नाही.
होमेश्वरने तो हाडाला लावला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
मग माझ्या गळ्याखाली टेकवला.
मला आवाज येत होता, त्यामुळे
दुसरं काही कळायला वेळ लागला.

साठ रुपये.
मिरच्यांच्या पिशवीत नको, मी म्हटलं.
त्याने शर्टाच्या खिशात ठेवला
आणि महालापर्यंत छाती पुढे काढून चालला.

रात्री लाईट गेली. कूलर थांबला
की मोहल्ला किती मोठा आहे ते कळतं:
कुत्री, मालगाडी, कुणाचा तरी खोकला.
अंधारात आम्हाला बोलता येत नाही.
मी कुशीवर. खुळखुळा पोटाला टेकवून
त्याने हलवला. थांबला.
लाथ.
पुन्हा हलवला. थांबला.
बराच वेळ काही नाही. मग लाथ.
माझा तळहात शोधून
त्याने बोटाने एकेक अक्षर लिहिलं:
विचारतंय, कोण आहे.

लाईट आली तेव्हा
किमतीची चिठ्ठी खुळखुळ्यावर नव्हती.
माझ्या पोटाला चिकटली होती, घामाने,
थोडी तिरपी.