ठराव क्रमांक चार

बावीस वर्षं मी वर्गणीच्या विरोधात हात वर केला.
भुसावळला, जामनेर रोडवरच्या हॉटेलात,
एसी बंद पडलेल्या हॉलमध्ये,
शेवभाजीच्या तर्रीचा वास पडद्यावरच्या एक्सरेपर्यंत पोचला की
मी उठायचो नि विचारायचो :
संघटना देते काय हो आपल्याला?
एक कॅलेंडर, त्यावर हसणारी दाढ.
वर्षातून दोनदा व्याख्यान, पुण्याहून आलेल्या माणसाचं,
ज्यानं सेहेचाळीस अंशांत
मापाचं मेण डबीतच वितळताना कधी पाहिलं नाही.
टाळ्या पडायच्या. ठराव तरीही मंजूर व्हायचा.
आमच्या सचिव वारके मॅडम वहीत लिहायच्या,
'सावद्याचे डॉ. भारंबे यांचा विरोध नोंदवला.'

यंदा माघात मी पडलो.
केळीच्या सालीवरून नाही,
सावद्याचा म्हटल्यावर लोकांना तसंच वाटतं.
स्वतःच्या दवाखान्याच्या जिन्यावर, लाइट गेलेली,
हातात इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन.
उजवा खांदा. एक प्लेट, सात स्क्रू.
जन्मभर दुसऱ्यांच्या जबड्यात स्क्रू बसवले,
हे सात मात्र फिल्म उजेडात धरून
तीनतीनदा मोजले.

दातांच्या डॉक्टरचा उजवा हात गळ्यात
म्हणजे शटर खाली.
खुर्चीचा हप्ता मात्र पाच तारखेला चालत येतोच.
मी कुणाला कळवलं नव्हतं.
मटेरियल टाकणाऱ्या पोऱ्यानं यावलला सांगितलं,
यावलनं फैजपूरला,
नि तिसऱ्या दिवशी वारके मॅडमचा फोन.
कसे आहात वगैरे काही नाही.
"चाव्या कुणाकडे आहेत?"

सोमवारी नेहेते आला रावेरहून,
स्वतःचा एप्रन नि भाकरीचा डबा घेऊन.
मंगळवारी इद्रिस पिंजारी, मोटारसायकलच्या मागे बांधलेला
शाखेचा ऑटोक्लेव्ह,
कारण माझ्याचं झाकण वाफ धरत नाही
हे माझ्याआधी त्याला माहीत.
ह्याच यंत्राच्या खरेदीला
तीन वर्षांपूर्वी मी वीस मिनिटं विरोध केला होता.
पिंजारी त्यावर काही बोलला नाही.
फक्त प्लग लावताना जरा जास्त वेळ घेतला.

मग धनश्री फालक.
दीड वर्षापूर्वी फैजपुरात तिची पाटी लागली
तेव्हा मी पेशंट मोजायला लागलो होतो.
सुपडू आप्पा कोल्हे गाल धरून दारातच अडले,
"मले नको ती पोरगी.
मी तुह्याच हाताची वाट पायतो."
मी शेजारी बसलो. डाव्या हातानं त्यांचा हात धरला.
चार मिनिटांत दाढ ट्रेमध्ये वाजली.
आप्पांनी कापूस चावत तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"झालं बी? तुले तं अर्धा तास लागे."

अकरा आठवडे.
संध्याकाळी ड्रॉवरमध्ये पाकीट,
वर कुणाच्या तरी अक्षरात : जमा, लॅबचे, चहा तीस.
पेट्रोलचे पैसे पुढे केले तर नेहेते म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या. त्यालेबी तुमचा विरोध असंन."
माझ्या जुन्या कार्डांवर आता पाच जणांची अक्षरं आहेत.
एका पोराच्या कार्डावर कुणीतरी लिहून ठेवलंय :
'सुईला भितो. बैलांबद्दल विचारा.'
हा पोरगा सहा वर्षं माझ्याकडे येतो.
बैलांचं मला माहीत नव्हतं.

परवा सभा झाली. तोच हॉल. एसी चालू होता,
पण थंड हवा नव्हती.
ठराव क्रमांक चार, वर्गणीत तीनशे रुपये वाढ.
मी हात वर केला.
तो आता खांद्याच्या वर जात नाही,
फाट्यावर एसटीला हात करावा
तसा मध्येच राहतो.
वारके मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं,
पेन वहीवर अडलेलं.
"भारंबे, हा कोणत्या बाजूनं धरू?"

हॉल हसला. पिंजारी सगळ्यात मोठ्यानं.
मी म्हटलं, जेवढा वर जातोय तेवढा बाजूनं धरा.
पण कॅलेंडरवरच्या त्या दाढेला
माझा विरोध नोंदवा.